दहावीनंतरची वाट ठरवताना: नव्या वर्गशिक्षकांसाठी आणि पालकांसाठी

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो: 'सायन्स, कॉमर्स की आर्ट्‌स?' प्रश्न असा विचारला की निम्म्या वाटा विचारात येण्याआधीच बाद होतात. महाराष्ट्रात दहावीनंतर आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, आहे, तंत्रनिकेतनाची पदविका (डिप्लोमा) आहे, अकरावी-बारावीचे २०० गुणांचे द्विलक्षी विषय आहेत, मुक्त विद्यालय आहे, खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. यातल्या बऱ्याच वाटा पुढे एकमेकींना मिळतात. आयटीआयला फिटर झालेला मुलगा बारावी न करता आणि सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, न देता इंजिनिअरिंगच्या पदवीपर्यंत जाऊ शकतो. पण काही दारं एकदा लागली की पुन्हा उघडायला वर्ष-दोन वर्षं जातात, आणि ती लागतात बहुतेक वेळा अकरावीला सोडलेल्या एखाद्या विषयामुळे किंवा वेळेत न काढलेल्या एखाद्या दाखल्यामुळे. म्हणून कुठलीही वाट धरण्याआधी ती पुढे कुठे निघते आणि मध्येच बदलायची झाली तर कुठून वळता येतं, हे आधी पाहायचं.

ज्या शिक्षकांच्या हाती नववी-दहावीचा वर्ग पहिल्यांदाच आला आहे आणि ज्या घरांतून याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. नियम राज्य मंडळाच्या शाळा धरून दिले आहेत. तारखा आणि शुल्क दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका समोर ठेवूनच फॉर्म भरा.

१. कामाची सुरुवात नववीत, आणि ती कागदांपासून

आधी नाव. शाळेच्या जनरल रजिस्टरातलं नाव, आधार कार्डावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, ते नववीतच तपासा. आईचं नाव, जन्मतारीख आणि इंग्रजी स्पेलिंगही बघा. दहावीच्या परीक्षेआधी मंडळाकडून शाळेत प्रीलिस्ट, म्हणजे मुलांची माहिती तपासण्यासाठीची यादी, येते. ती मुलांच्या हातात देऊन नुसती सही घेऊ नका. प्रत्येकाला आपलं नाव मोठ्याने वाचायला लावा आणि आधार कार्डाशी ताडून पाहायला सांगा. गुणपत्रिका छापून आल्यावर दुरुस्ती विभागीय मंडळातून करावी लागते आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत तेवढा वेळ हातात नसतो. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, त्यामुळे नावातला फरक तिथेही आडवा येतो.

मग दाखले. उत्पन्नाचा दाखला आणि वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र तहसील कार्यालयातून मिळतं. जातीचा दाखला आणि नॉन क्रीमीलेअर प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालयातून मिळतं. अर्ज आपले सरकार सेवा केंद्रात करायचा. नॉन क्रीमीलेअर लागतं ते इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाच्या विद्यार्थ्यांना. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ते लागत नाही. या दाखल्यावर मुदत छापलेली असते आणि ती ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षीचा दाखला फाईलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहिलेली मुलं जूनमध्ये अडतात. मुदत संपलेला दाखला असेल तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीच्या दाखल्याची पडताळणी झाल्याचं प्रमाणपत्र. राखीव जागेवर इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या व्यावसायिक पदवीला प्रवेश घ्यायचा तर ते हवंच. अर्ज अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत जिल्हा समितीकडे करा, बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. वेळ का लागतो? कारण समितीला वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने पुरावे हवे असतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांच्या शाळेतला रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुना सातबारा किंवा खरेदीखत असं काहीतरी. गाव सोडून शहरात आलेल्या घरांत हे शोधायलाच दोन सुट्ट्या जातात. वडिलांची, सख्ख्या काकांची किंवा आत्याची वैधता आधीच झालेली असेल तर काम पुष्कळ हलकं होतं. म्हणून घरात पहिला प्रश्न हाच विचारायचा: 'आपल्यात कुणाची व्हॅलिडिटी निघालेली आहे का?'

२. मुलाला काम दाखवा

कल चाचणी घ्यायला हरकत नाही, पण तिच्या निकालावर निर्णय घेऊ नका. पंधरा वर्षांच्या मुलाला वेल्डर, लॅब टेक्निशियन किंवा सीए दिवसभर नक्की काय करतो हे माहीतच नसतं, मग आवडीच्या प्रश्नांची उत्तरं तरी तो कशाच्या आधारावर देणार? दहावीच्या दिवाळीत किंवा परीक्षेनंतरच्या सुट्टीत प्रत्येकाला तीन ठिकाणी अर्धा-अर्धा दिवस घेऊन जा: जवळचं सरकारी आयटीआय, एखादं तंत्रनिकेतन आणि एखादं ज्युनिअर कॉलेज. प्राचार्यांना आधी पत्र द्या, बहुतेक जण आनंदाने परवानगी देतात.

फिटरच्या कार्यशाळेत गेलात तर पहिल्या वर्षाच्या मुलांकडे बघा. सुरुवातीचे कित्येक दिवस ती व्हाइसमध्ये लोखंडी तुकडा आवळून त्यावर कानस चालवत असतात. तुकडा सपाट झाला का, ते ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरून पाहायचं, पात्याखालून उजेड दिसला की पुन्हा कानस. मान खाली, पाय ठरलेल्या अंतरावर, दोन्ही हातांचा दाब सारखा. ज्या मुलाला हे बघताना 'मी करून बघू का?' असं वाटतं, त्याला वर्गातल्या फळ्यावर कितीही समजावलं तरी जे कळणार नाही ते इथे दहा मिनिटांत कळतं. ज्याला कंटाळा येतो, त्यालाही काहीतरी कळलेलंच असतं.

काही शाळांत नववी-दहावीला व्यावसायिक विषय असतो: मल्टी स्किल, ऑटोमोबाइल, रिटेल वगैरे. शाळेत तो असेल तर 'ढ' मुलांचा विषय म्हणून त्याच्याकडे बघू नका. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने डॉ. श्रीनाथ कलबाग यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा विषय उभा केला. त्यातली मुलं सुतारकाम, वायरिंग, शेती आणि घर-आरोग्य हे सगळं हातांनी करतात. विज्ञानाच्या पुस्तकातलं सर्किट एकदा स्वतः जोडलं की परीक्षेतही विसरत नाही.

एक काम चित्रकलेचंही. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात: 'अ' श्रेणीला ७, 'ब' ला ५, 'क' ला ३. प्रस्ताव शाळेने मुदतीत पाठवायचा असतो. मुलांना हे सांगितलंच नाही तर गुण जातात.

३. वाटा, आणि त्यांच्या पुढच्या वळणांचा हिशेब

वर्षांचा हिशेब मुलांसमोर फळ्यावर मांडा. बारावी विज्ञान करून इंजिनिअरिंगची पदवी: २ अधिक ४, म्हणजे ६ वर्षं. दहावीनंतर पदविका आणि तिथून थेट दुसऱ्या वर्षात पदवी: ३ अधिक ३, तेही ६ वर्षं. दोन वर्षांचा आयटीआय, मग पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात: २ अधिक २ अधिक ३, म्हणजे ७ वर्षं. एकच वर्ष जास्त, आणि वाटेत हातात दोन स्वतंत्र प्रमाणपत्रं, ज्यांच्यावर मधल्या कुठल्याही टप्प्यावर नोकरी मिळू शकते. घरची परिस्थिती बेताची असेल तर हा हिशेब फार महत्त्वाचा ठरतो, कारण अकरावी-बारावी विज्ञान अर्धवट सुटलं तर हातात दहावीचीच गुणपत्रिका राहते.

*आयटीआय.* प्रवेश राज्यभर ऑनलाइन, दहावीच्या गुणांवर होतो. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड, वेल्डर आणि कोपा, म्हणजे संगणक चालक, हे एक वर्षाचे. वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना आठवी उत्तीर्णही चालतो. प्रात्यक्षिकात उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात, त्यामुळे कार्यशाळेला दांडी मारून शेवटी पुस्तक वाचणाऱ्याचं इथे भागत नाही. खासगी संस्थेत प्रवेश घेताना त्या ट्रेडला राष्ट्रीय मान्यता आहे का ते बघा. फक्त संस्थेची मान्यता पुरत नाही. आणि यंत्रं चालू आहेत का ते स्वतः डोळ्यांनी बघा.

ट्रेड निवडताना लोक एक चूक हमखास करतात: लवकर कमाई सुरू व्हावी म्हणून एक वर्षाचा ट्रेड घेतात. पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाचं दार दोन वर्षांच्या ट्रेडलाच उघडतं. पुढे शिकण्याची थोडीही इच्छा असेल तर दोन वर्षांचाच घ्या. आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी करा. ती १९६१ च्या कायद्याखाली चालते, दरमहा विद्यावेतन मिळतं आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. नोंदणी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर करायची. एसटी, रेल्वे, महावितरण आणि मोठे कारखाने तिथून उमेदवार घेतात.

आयटीआय करणाऱ्याला बारावीचं प्रमाणपत्रही हवं असेल तर राज्य मंडळाच्या परीक्षा अर्जात आयटीआयच्या ट्रान्सफर ऑफ क्रेडिटची वेगळी सोय आहे. भाषा विषयांची परीक्षा द्यायची, ट्रेडचे गुण जमा धरले जातात. बहुतेक मुलांना हे कुणी सांगतच नाही.

*पदविका.* तंत्रनिकेतनाला दहावीत किमान ३५ टक्के लागतात, पण सरकारी तंत्रनिकेतनातल्या मागणी असलेल्या शाखा खूप वर बंद होतात. दहावीच्या गुणांवर केंद्रीय, म्हणजे राज्यभर एकत्र होणाऱ्या, फेऱ्यांतून प्रवेश मिळतो. पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला खुल्या प्रवर्गासाठी ४५ आणि राखीवसाठी ४० टक्के लागतात, सीईटी लागत नाही. पण दोन्ही वळणांवर मुलं गणितात अडखळतात. आयटीआयहून आलेल्याचं पदविकेच्या पहिल्या वर्षाचं गणित झालेलंच नसतं. पदविकेहून गेलेल्याचं पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं आणि समोर थेट 'एम-थ्री', म्हणजे तिसऱ्या सत्राचा गणिताचा पेपर, येतो, लाप्लास ट्रान्सफॉर्म घेऊन. उपाय सोपा आहे पण मधल्या सुट्टीतच करावा लागतो: सुटलेल्या वर्षाचं गणिताचं पुस्तक आणून निदान डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन हाताने सोडवून घ्यायचं.

पदविकेच्या वाटेने डॉक्टर, बी. फार्म. (औषधनिर्माणाची पदवी) किंवा एनडीए (सैन्याधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) होत नाही, त्यांना बारावीच लागते. हे मुलाला आधी स्पष्ट सांगा.

*ज्युनिअर कॉलेज.* याबद्दल खाली विषयांसोबत सविस्तर आहे. इथे एवढंच की विज्ञानातून अकरावीत कला किंवा वाणिज्यकडे वळता येतं, उलट दिशेने मधूनच जाता येत नाही. मात्र मूल गोंधळलेलं आहे म्हणून 'सगळे ऑप्शन ओपन राहतील' या एकाच कारणाने त्याला विज्ञानात ढकलू नका. भौतिकशास्त्रात नापास होत राहिलेल्या मुलापुढे कुठलाच पर्याय उरत नाही.

*मुक्त विद्यालय आणि सतरा नंबर.* राष्ट्रीय मुक्त विद्यालयात पाच विषय घ्यायचे, नोंदणी पाच वर्षं टिकते, तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. मुख्य परीक्षा वर्षातून दोनदा होते. आधी एखाद्या मान्य मंडळात नापास झालेल्याचे उत्तीर्ण विषय, दोनपर्यंत, इथे जमा धरता येतात. खेळाडू, आजारातून उठलेली मुलं, काम करून शिकणारे यांच्यासाठी ही वाट खरोखर चांगली आहे. विषय निवडताना मात्र पुढचं बघा. इंजिनिअरिंग किंवा 'नीट', म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, डोक्यात असेल तर त्यासाठी लागणारे विज्ञान विषय आणि इंग्रजी सुरुवातीलाच घ्यायचे.

सतरा नंबर म्हणजे राज्य मंडळाला खासगीरीत्या बसणं. बारावीला बसायचं तर दहावी होऊन दोन वर्षं झालेली हवीत. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी नावनोंदणी आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातच सुरू होते. दिवाळीनंतर जागे झालेल्यांचं वर्ष जातं. विज्ञान शाखेला प्रात्यक्षिकांची अडचण येते, म्हणून या वाटेने बहुतेक जण कला किंवा वाणिज्यच करतात.

याच दोन वाटांच्या आडून फसवणूक चालते. 'घरबसल्या दहावी-बारावी पास, गॅरंटीसह' अशी पाटी दिसली तर लांब राहा. पैसे घेऊन भलत्याच नावाच्या 'बोर्डा'ची गुणपत्रिका देतात आणि ती पडताळणीत नोकरीच्या दारात फेटाळली जाते. तोवर मुलाची चार-पाच वर्षं गेलेली असतात.

४. अकरावीचे विषय: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

विज्ञानात इंग्रजी सक्तीचं. दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान, म्हणजे 'आयटी', घेता येतं. मग भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, आणि त्यासोबत गणित, जीवशास्त्र, भूगोल यांपैकी. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचं असतं. गणिताचं ८० आणि २०.

डॉक्टर व्हायचं ठरवलेली मुलं गणित टाकून भूगोल घेतात. नीटच्या अभ्यासाला वेळ मिळतो, हे खरं. पण गणित सोडताच इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर गेलं, एनडीएच्या नौदल आणि हवाई दलाच्या जागा गेल्या. नीटला मनासारखे गुण आले नाहीत तर बी. फार्म., कृषी पदवी आणि बी. एस्सी. उरतात, जीवशास्त्रावर तिन्ही होतात. यात समाधान असेल तर गणित खुशाल सोडा. मनात थोडीही शंका असेल तर निदान अकरावीचे पहिले दोन-तीन महिने दोन्ही विषय ठेवा आणि मग ठरवा. कॉलेजात विषय बदलाची मुदत कधी संपते ते प्रवेशाच्या दिवशीच विचारून ठेवा.

उलट बाजूने, फक्त इंजिनिअरिंगच करायचं ठरलं असेल तर द्विलक्षी विषयाचा विचार करा. २०० गुणांचा हा एक विषय दुसऱ्या भाषेच्या आणि आणखी एका विषयाच्या, बहुधा जीवशास्त्राच्या, जागी येतो: संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि असेच इतर. प्रात्यक्षिक भरपूर असतं आणि गुणही चांगले पडतात. पण जीवशास्त्र सुटलं की नीटचं दार लागलं. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीला अकरावीच्या अभ्यासक्रमाला २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भार असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. 'अकरावी म्हणजे आराम' असं सांगणाऱ्या मोठ्या भावंडांपासून मुलांना सावध करा. भार २० टक्केच असला तरी बारावीचा पाया तिथेच घातला जातो.

वाणिज्यमध्ये गणित की सेक्रेटरीअल प्रॅक्टिस असा प्रश्न येतो. मुलं सोपं म्हणून एसपी घेतात. सीए फाउंडेशनला बसणाऱ्याला गणित-सांख्यिकीचा १०० गुणांचा पेपर द्यावाच लागतो, बारावीला गणित असो वा नसो. त्यामुळे सीएचं नाव घरात निघत असेल तर गणितच घ्या.

कला शाखेतून पाच वर्षांचं कायद्याचं शिक्षण, डिझाइन, पत्रकारिता, एनडीएची लष्कराची शाखा हे सगळं करता येतं. मुलगी हुशार आहे म्हणून तिला आर्ट्‌सला जाऊ न देणारे पालक भेटले तर ही यादी त्यांच्या हातात द्या. एनडीए मुलींनाही खुली आहे, हेही सांगा.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक वेगळी तयारी. विज्ञान शाखेची पुस्तकं अकरावीपासून इंग्रजीत आहेत. हुशार मुलं पहिल्या चाचणीत पडतात, कारण 'त्वरण' आणि 'अॅक्सिलरेशन' एकच हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दहावीची परीक्षा संपली की बालभारतीच्या संकेतस्थळावरून दहावीच्या विज्ञानाचे दोन्ही भाग इंग्रजीत फुकट उतरवून घ्या. मुलाला आशय आधीच येत असतो, फक्त शब्द नवे असतात. रोज एक धडा, वहीत दोन रकाने, डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी. जूनपर्यंत हे पुरतं होतं.

बुडतं ते आणखी एका ठिकाणी. ज्या कॉलेजात तास होत नाहीत आणि मुलं दिवसभर क्लासला असतात, तिथे प्रात्यक्षिकंही कागदावरच होतात. प्रवेशाआधी प्रयोगशाळा बघा, आणि बारावीच्या मुलांना हळूच विचारा: 'या वर्षात किती प्रयोग स्वतःच्या हातांनी केले?'

५. अकरावीचा फॉर्म

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात. भाग एकमध्ये विद्यार्थ्याची माहिती, भाग दोनमध्ये महाविद्यालयांचे पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा. गुणवत्ता यादी दहावीच्या सर्वोत्तम पाच विषयांवर, म्हणजे ५०० पैकी, लागते.

पसंतीक्रम भरताना गेल्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवा आणि साधारण असे वाटा: तीन जागा मुलाच्या गुणांपेक्षा थोड्या वरच्या, चार गुणांच्या आसपासच्या, तीन नक्की मिळतील अशा. पहिला क्रमांक लिहिताना जपून, कारण पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाकारला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. शेजारच्या मुलाने लिहिलं म्हणून पहिल्या नंबरवर तीस किलोमीटरवरचं कॉलेज आलं आणि ते मिळालं, की पंचाईत.

आणखी एक बारीक गोष्ट. एकाच कॉलेजचं नाव यादीत तीन-चार वेळा दिसतं: एकदा अनुदानित, एकदा विनाअनुदानित, एकदा स्वयंअर्थसहाय्यित, शिवाय माध्यम वेगळं. सगळ्यांचे कोड वेगळे असतात आणि शुल्कात फार मोठा फरक असतो. नाव वाचून टिक करू नका. कोड, माध्यम आणि अनुदानाचा प्रकार तिन्ही वाचा. घर ते कॉलेज एसटीच्या वेळाही बघा. शेवटची गाडी साडेचारला सुटत असेल आणि प्रात्यक्षिक पाचला संपत असेल तर ते कॉलेज त्या मुलीसाठी नाही.

६. गुण कमी पडले किंवा विषय राहिला तर

दहावीत एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, राहिलेले विषय नंतर सोडवायचे. जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते. निकालाच्या दिवशी नापास मुलाला घरी एकटं सोडू नका. फोन करा, दुसऱ्याच दिवशी शाळेत बोलवा आणि पुरवणीचा फॉर्म तिथेच भरून घ्या, कारण मुदत थोडी असते आणि लाजेपोटी मुलं शाळेत फिरकत नाहीत. गुणपत्रिकेवर 'कौशल्य विकासास पात्र' असा शेरा असला तरी त्याने आपोआप कुठे प्रवेश मिळत नाही. आठवीच्या पात्रतेचे आयटीआय ट्रेड मात्र याच वर्षी घेता येतात.

बारावी झाल्यावरही मागे फिरता येतं. मंडळाच्या अर्जात तुरळक विषयाची सोय आहे. उत्तीर्ण झालेला विद्यार्थी नंतर एकच विषय, समजा राहिलेलं गणित किंवा जीवशास्त्र, घेऊन परीक्षा देऊ शकतो. श्रेणीसुधार योजनेत सगळे विषय पुन्हा देऊन गुण वाढवता येतात. बारावीला भौतिक-रसायन-गणितात ४५ टक्के, राखीवसाठी ४०, न पडल्याने सीईटीत चांगले गुण असूनही इंजिनिअरिंग हुकलेल्या मुलांना हीच सोय कामी येते.

७. बारावीच्या वर्षात, आणि पहिल्या वर्षाला गेल्यावर

सीईटीचे फॉर्म बारावीच्या परीक्षेआधीच, हिवाळ्यात, सुटायला लागतात. फसतात ती वाणिज्यची मुलं. बीबीए, बीसीए, बीएमएस, बीबीएम या अभ्यासक्रमांना २०२४-२५ पासून सीईटी लागू झाली. 'बीसीएला कसली परीक्षा?' म्हणत फॉर्म न भरणारी मुलं जूनमध्ये हात चोळत बसतात. बी. एस्सी. नर्सिंगलाही जीवशास्त्र आणि वेगळी सीईटी लागते. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, मात्र कुठल्याही शाखेच्या बारावीवर होतं.

शुल्काचं आधी समजावून सांगा, कारण पैशांच्या भीतीने मुलींची नावं अर्जाआधीच कापली जातात. ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर सवलत नाही. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज दरवर्षी नव्याने करायचा असतो, पहिल्या वर्षी केला म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप पैसे येत नाहीत.

पदवीला गेल्यावर आता मध्येच थांबण्याचीही सोय आहे. पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. मिळवलेले क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात, तेव्हा ते खातं पहिल्याच सत्रात उघडून त्यातलं नाव आधारशी जुळतंय ना ते बघा. पण नुसतं कॉलेज सोडल्याने प्रमाणपत्र मिळत नाही. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट झालेले हवेत आणि त्यावर चार क्रेडिटचा कामाशी जोडलेला कोर्सही केलेला हवा. घरच्या अडचणीमुळे वर्षभर नोकरी करावी लागणार असं दिसत असेल तर दुसरं सत्र सुरू होतानाच कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन हा कोर्स कधी आणि कुठे होतो ते विचारा आणि तिथेच नाव नोंदवून या.